डावी वाट

हे मी कुणाला बोललेलो नाही. बायकोलाही नाही. आज तुम्हाला सांगतोय, पण कुठून सुरुवात करू? कामापासूनच करतो, ते त्यातल्या त्यात सोपं आहे.

बेळगावच्या एका कॉलेजात मी सिलिकॉन चिपवरचे स्प्लिटर डिझाइन करतो. एका वाटेने आलेला प्रकाश दोन वाटांत समसमान वाटायचा, एवढंच त्याचं काम. दोन्ही बाजू सारख्या, म्हणून कॉम्प्युटरवर आम्ही अर्धाच भाग तपासतो आणि दुसरा तसाच धरतो. वेळ वाचतो. सगळेच करतात — बघा, सबब आलीच तोंडात.

चिप तयार होऊन आली. मोजायला सुवर्णाआक्का होत्या, निपाणीच्या, लॅबमधल्या सगळ्यांत जुन्या असिस्टंट. प्रकाश नेणारी केसाएवढी बारीक काचेची फायबर चिपच्या कडेला नेमकी टेकवायची म्हणजे श्वासही रोखावा लागतो. आक्कांचा हात कधी हललेला मी पाहिला नव्हता.

त्यांचे आकडे आले — डावीकडे प्रकाश कमी. पुन्हा मोजलं, पुन्हा कमी. मीटिंगमध्ये विभागप्रमुखांनी विचारलं, चूक कुठे? मी म्हणालो, फायबर नीट लागली नसेल. नाव घेतलं नाही. घ्यायची गरज होती का? फायबर लावणारं दुसरं होतं कोण?

दुसऱ्या दिवशी मी आराखडा उघडला. जागा पुरेना म्हणून अगदी शेवटी डावी वाट मीच जास्त वाकवली होती, आणि परत तपासली नव्हती. अशा वळणावर प्रकाश बाहेर गळतो — हे मी स्वतः वर्गात शिकवतो. मी फाइल बंद केली. पुढच्या चिपमध्ये वळण गुपचूप सुधारलं. मोजायला तोवर नवा माणूस बसवला होता. आकडे सारखे आले, आणि आक्कांवरचा ठपका पक्का झाला.

त्यांना स्टोअरला बसवलं. वर्षभरात त्यांनीच नोकरी सोडली. जाताना म्हणाल्या, "माझाच हात हलला असंल, सर. वय झालं न्हवं आता."

मी काय म्हणालो? "असू दे, आक्का." — मीच त्यांना माफ केल्यासारखं. त्या शब्दांची मला अजून लाज वाटते.

गेल्या महिन्यात कोल्हापूरला जाताना निपाणीत उतरलो. सांगायचं म्हणूनच उतरलो होतो. आक्कांनी सुनेला हाक मारून चहा आणायला सांगितला. "मी न्हाय आणत, सर. सांडतोय माझ्याकडनं."

हात मांडीवर ठेवून त्या बसल्या होत्या. मी त्या हातांकडे बराच वेळ बघत राहिलो. जराही हलत नव्हते.

मी चहा प्यालो आणि पुढची बस धरली.