सगळे नऊ नंबरचे

"काकू, हे बघा, एका बुटात माझे दोन्ही पाय मावतायत!"

"घालू नकोस गं दोन्ही, उसवेल. परत द्यायचाय तो."

"हा पण नऊ. हा पण. अहो काकू, सगळेच नऊ नंबरचे आलेत!"

इस्त्रीच्या दुकानात कपड्यांच्या गठ्ठ्यांमधून जेवढी जमीन दिसते, तेवढ्यात पोरी खोकी उघडून बसल्या होत्या. चौदा वर्षांखालच्या फुटबॉल संघातल्या पोरी. त्यांच्यात सगळ्यात मोठा पाय गोलकीपरचा. तिला सगळ्या 'भिंत' म्हणत. तर ह्या भिंतीचा पायही पाच नंबरच्या पुढे सरकला नव्हता. काकूंनी इस्त्री उभी केली, एक बूट उचलला, उलटा करून तळ वाकवून बघितला. शिलाई घट्ट होती. माल चोख होता, पाय तेवढे चुकले होते.

नऊ नंबर काकूंच्या नवऱ्याचा.

तो माणूस दिवसभर दारोदार विजेचे मीटर वाचायचा आणि संध्याकाळी मैदानात शिट्टी फुंकायचा, म्हणून शिट्टीकाका. संघ त्यानंच उभा केला. बूट, चेंडू, नडगीला बांधायच्या पट्ट्या, सगळं फोनवर धुंडाळून तोच स्वस्तात मागवायचा. थंडी सुरू होताना त्याच्या छातीत कळ आली आणि दवाखान्याचं दार दिसायच्या आत कारभार आटोपला. काकू रडल्या का, हे गल्लीत कुणी छातीठोक सांगत नाही. बारावं-तेरावं उरकलं नि दुकान उघडलं. नणंद म्हणाली, "दगड आहे ही बाई, दगड." दगडानं ते ऐकलं आणि कॉलरवर पाणी शिंपडलं.

पोरी त्यानंतरही मैदानात जातच होत्या. मोठ्या धाकट्यांना पळवायच्या. पण स्पर्धा तोंडावर आली आणि जुन्या बुटांनी तोंडं वासली. तळाला घसरू न देणाऱ्या गुट्ट्या असलेले धड बूट नसतील तर पंच आत सोडत नाही. पहिल्याच सामन्याला संघ उतरला नाही तर नाव कटतं, आणि संध्याकाळचं मैदान पलीकडच्या मोठ्या क्लबाला जातं. मैदान गेलं की संघ गेला. पोरी दुकानात येऊन नुसत्या उभ्या राहिल्या. मागितलं काहीच नाही. काकूंनी ड्रॉवरमधून नवऱ्याचा फोन काढून चार्जिंगला लावला.

काम त्यांनी नीट केलं होतं. कपडे बांधायच्या कागदावर एकेकीला उभं करून खडूनं पाय आखले, तेही संध्याकाळी, कारण दिवसभर पळून पाय पसरलेला असतो. फोनवर बुटांचा नुसता बाजार. बूट हातात घेऊन वाकवता येत नाही, तर पारखायचा कसा? काकूंनी कौतुकाचे शेरे वाचलेच नाहीत. "छान छान लिहिणारे खोकं उघडून लिहितात," त्या भिंतीला म्हणाल्या, "शिव्या देणारे घालून लिहितात." कुणाचा तळ सुटला होता, कुणाचा अंगठा बाहेर आला होता. एका बुटाबद्दल तक्रार एवढीच, की रंग फोटोपेक्षा फिका निघाला. रंगावरच रडतोय म्हणजे शिलाई बरी असणार. काकूंनी तोच धरला.

चूक झाली ती पुढं. खातं नवऱ्याचं. त्यात त्याचं माप लिहून ठेवलेलं. काकू जोड निवडायच्या, माप बदलायच्या, आणि पुढच्या पानावर फोन गुपचूप पुन्हा नऊ भरायचा. त्यांनी ते पान वाचलंच नाही. दाबत गेल्या.

पोरी अजून बूट उलटेपालटे करत होत्या, तेवढ्यात नणंद आली. खोकी बघून थबकली, मग खाली बसली.

"वहिनी, एक जोड ठेवून घे."

"घालणार कोण?"

"घालायला कशाला? आठवण म्हणून."

"कपाटात जागा नाही."

"तुझ्या जिभेला काही हाड?"

भिंत फोनमध्ये डोकं घालून बसली होती. ती म्हणाली, "काकू, सापडलं. 'माझं माप' म्हणून इथं नऊ आहे. हे मुळातूनच काढा, नाहीतर परत नऊच येतील."

काकूंनी बोट लावलं. फोननं विचारलं, हे माप कायमचं काढून टाकायचं का?

खाली हो आणि नाही. नणंदेनं पदर तोंडाला लावला. काकू त्या प्रश्नाकडे बघत राहिल्या, जसं एखाद्या शर्टावरचा डाग निघेल की नाही ते बघावं. मग 'हो' दाबलं. काही झालं नाही. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली.

"सांग," त्या भिंतीला म्हणाल्या. भिंत कागदावरचे पाय बघून नंबर सांगत गेली, आणि आता काकू प्रत्येक पान वाचत गेल्या.

खोकी परत न्यायला आलेला कंपनीचा पोरगा हसला. "सगळे नऊ? एका घरात एवढे नऊ नंबरवाले?"

"एकच होता," काकू म्हणाल्या आणि दोरीची गाठ आवळली.

नवे बूट सामन्याच्या आदल्या संध्याकाळी आले. रंग खरोखरच फिका होता. रविवारी पंचानं एकेकीचे तळ बघितले आणि सगळ्यांना आत सोडलं. पोरी सपाटून हरल्या, चार शून्य. भिंतीला भगदाड पडलं म्हणून धाकट्यांनी तिला भरपूर चिडवलं. पण नाव यादीत राहिलं, मैदान राहिलं. काकू कडेला उभ्या राहून फक्त पाय बघत होत्या. कुणी घसरलं नाही. एका पोरीची आई जवळ येऊन म्हणाली, "आज काका असते तर..." काकू म्हणाल्या, "हं." आपल्याला काही वाटतंय का, ते त्यांनी आत चाचपून बघितलं. हाताला काही लागलं नाही.

लॉजच्या चादरी संध्याकाळपर्यंत द्यायच्या होत्या. मैदानातून त्या सरळ दुकानात आल्या आणि बटण दाबलं. थोड्या वेळानं ओलं बोट इस्त्रीला टेकवलं. चर्र झालं. त्यांनी वरची चादर ओढली, झटकली आणि कडेपासून सुरुवात केली.