चांद्याकडे दाखवलेलं बोट

हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. तुम्हाला का सांगतोय — तेही नीटसं कळत नाही.

टोकावड्याच्या वरच्या अंगाला आमचं गाव. काशिनाथ माझा चुलतभाऊ, चार वर्षांनी लहान, शेताला शेत लागून. त्याच्याकडे बापजाद्यांपासूनची डांगी गुरं. आणि मी — मी मोठा शहाणा — नव्वदनंतर कधीतरी जर्सी गाय आणली. बादलीभर दूध! दोन महिने गावातून छाती काढून फिरलो.

मग आषाढ लागला. गाईचे खूर चिखलाने कुजले, ताप भरला, उभी राहीना. बांधापलीकडे काशिनाथचे बैल त्याच पावसात चिखलणी करत होते. डांगीची कातडीच तेलकट, पाणी ओघळून जातं. खाणं म्हणाल तर डोंगरात चरून येणार, कुणाकडे काही मागणं नाही. माझी गाय मेली. बायको म्हणाली, "भावजींकडची एखादी कालवड आणा की." मला ते किती झोंबलं, तिला काय ठाऊक!

चांद्या हा काशिनाथचा वळू. गावातल्या सगळ्या गाई त्याच्याकडेच जायच्या, काशिनाथ कुणाला नाही म्हणायचा नाही. म्हशाच्या जत्रेत लोक चांद्याभोवती कोंडाळं करायचे आणि मी बाजूला उभा राहून जळायचो. हो, जळायचो — दुसरा शब्द कशाला शोधू?

एका सकाळी कुंपण ओलांडताना मी घसरलो आणि कुंपणाची टोकदार मेख मांडीत घुसली. माणसं धावली. कुणीतरी विचारलं, "कशानं लागलं रं?" चांद्या तिथेच बांधावर चरत होता. मी त्याच्याकडे बोट दाखवलं.

एवढंच. तोंडाने तर खोटं बोललो नाही ना? — हे समाधान किती वर्षं मानून घेतलं मी!

दवाखान्यात काशिनाथ माझ्या पायाशी बसून रडला. "दादा, चुकलं माजं. गावात पोरंटोरं हायत. आता त्याला असा ठेवत नाय." आठवड्याभरात त्याने चांद्याला खच्ची करून घेतलं. मला थांबवता आलं नसतं का? आलं असतं. मी कूस बदलून पडून राहिलो.

पुढे गावाला वळू उरला नाही. लोकांनी गाई भरवायला डॉक्टरची सुई धरली आणि वासरं झाली ती माझ्या गाईसारखी, पावसात टिकेनात. काशिनाथ मात्र आपल्या गाई लांबलांबच्या गावांना, डांगी वळूकडे चालवत न्यायचा. पोचेपर्यंत कधी गाईचा माज सरून जायचा, फळायची वेळ निघून जायची. गोठा एकेक दावं करत रिकामा झाला. आणि खरं सांगू? ते बघून मला बरं वाटायचं.

शेवटची गाय गेली त्या पावसाळ्यात तो बांधावर भेटला. गाईबद्दल चकार शब्द नाही. म्हणाला, "दादा, मांडी दुखती का रे अजून पावसात?"

दुखत नाही. जखम पंधरा दिवसांत भरली होती.

"दुखती रे," मी म्हणालो.

त्याने मान खाली घातली.