तिचं बोलणं परक्याला कळावं म्हणून

माझ्या लेकीला सेरेब्रल पाल्सी आहे. तिला पेन धरता येत नाही, म्हणून दहावीला बोर्डाने लेखनिक मंजूर केला. शाळेत सगळे त्याला रायटरच म्हणतात. तिने सांगायचं, रायटरने लिहायचं. पण तिची जीभही जड आहे. तिचं बोलणं फक्त आम्हा घरच्यांना कळतं.

शेजारच्या विणकर घरातली नववीची मुलगी रायटर व्हायला तयार झाली. घरी तेलुगू, शाळेत मराठी. आमच्या घरी सरावाच्या पहिल्याच दिवशी तिने पेन खाली ठेवलं.

"काकू, काय म्हणतीय ती?"

"गुरुत्वाकर्षण," मी म्हणाले. पुढच्या वाक्यालाही तिने माझ्याकडेच पाहिलं.

परीक्षेत मी कुठली असणार? म्हणून मी दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघरात जाऊन दार लोटून घेऊ लागले. गल्लीत यंत्रमागांचा खडखडाट, आणि त्यावर ताण करत लेक एकच शब्द पुन्हा पुन्हा ओरडून सांगायची. मग रडायची. "आई, सांग की तिला!" मला सगळं कळत होतं. मी ओट्याला धरून उभी राहायचे.

नवरा म्हणाला, "लई हाल चाललेत पोरीचे. पुढच्या वर्षी बसू दे की."

लेकच म्हणाली, "पुढच्या वर्षी माझी जीभ सुटणार आहे का?"

हळूहळू दोघींचं जमलं. शब्द अडला की लेक एकेक अक्षर सुटं करून सांगायची, मुलगी वाक्य वाचून दाखवायची. यात फार वेळ जायचा. जादा वेळ मिळूनही सराव परीक्षेत निम्मा पेपर राहिला.

बोर्डाच्या पहिल्या पेपरनंतरच बोलून बोलून तिचा घसा बसला. हळदीचं दूध झालं, डॉक्टर झाले. गणिताच्या दिवशी नुसती कुजबुज उरली होती. पेपर सुटल्यावर रायटर मुलगीच रडत बाहेर आली. "काकू, तिला येत होतं. मलाच ऐकू येईना."

गणित राहिलं. जुलैच्या फेरपरीक्षेसाठी शाळेत गेले, तर क्लार्क म्हणाले, "मॅडम, ती मुलगी आता दहावीत गेली. रायटर खालच्याच वर्गातला लागतो. दुसरी बघा."

मी गयावया केली. ते म्हणाले, "नियम आमच्या हातात नाही."

ओळखीच्या सगळ्या घरी विचारून झालं. "आमच्या पोरीचा अभ्यास बुडतो की," एका आईने सांगितलं. तिचंही खरंच होतं.

परीक्षा तोंडावर आली आहे. सध्या लेक बीजगणित सांगते आणि मी लिहिते. मला तिचा शब्द न् शब्द कळतो, त्यामुळे या सरावाचा उपयोग नाही, हे आम्हा दोघींनाही ठाऊक आहे.