मोफत भौतिकशास्त्राचं उद्घाटन

नव्वदच्या दशकात, नाशिकला सिडकोतल्या आमच्या घरी रोज संध्याकाळी दहावीची मुलं प्रश्न घेऊन यायची. लग्नाआधी फिजिक्समध्ये एम.एस्सी. केल्याची ही शिक्षा. लिफ्ट खाली निघताना वजन कमी का भासतं, हे मी पोळ्या लाटता लाटता सांगायची. आमच्या भागात तेव्हा एकही लिफ्ट नव्हती. मुलं श्रद्धेनं ऐकून घेत. सासरे दारात खुर्ची टाकून बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "आमच्या सूनबाई कुणाला रिकाम्या हातानं पाठवत नाहीत." मी स्वतः भाजीबाजारापलीकडे कुठे गेल्याचं मला आठवत नाही.

त्यात नाशिकरोडच्या एका कॉलेजातून मुलाखतीचं बोलावणं आलं. नोकरी कायमची, वेळ बाराची. सासरे "छान" म्हणाले आणि नेमक्या त्याच सकाळी त्यांनी 'मोफत भौतिकशास्त्र मार्गदर्शन केंद्रा'चं उद्घाटन ठरवलं. केंद्र म्हणजे आमचीच पुढची खोली.

"दहाला नारळ फुटला की तू मोकळी."

नगरसेवक अकरा वाजून गेल्यावर आले. मला शाल पांघरली. एप्रिल होता. ठरल्याप्रमाणे एका मुलीनं उठून विचारलं, "गुरुत्वाकर्षण म्हणजे काय?" मी तोंड उघडणार, तोच "मी सांगतो" म्हणून नगरसेवकांनी माइक घेतला. गुरुत्वाकर्षणावरून ते वॉर्डातल्या पाण्याच्या टाकीवर आले आणि तिथेच रमले.

मध्ये उभ्या नगरसेवकांच्या पुढून मी सासऱ्यांकडे वाकून म्हणाले, "बाबा, बारा वाजता मुलाखत आहे."

ते माइकमधून सगळ्यांना ऐकू गेलं.

"मुलाखत? अहो ताई, आधी नाही का सांगायचं! आपली गाडी आहे ना!" नगरसेवक म्हणाले. टाळ्या पडल्या. त्यानंतर रिक्षानं जाते म्हणणं म्हणजे त्यांचा अपमान झाला असता.

गाडी निघाली ती आधी एका व्यायामशाळेपाशी थांबली. "वाटेतच आहे, दोन मिनिटं." मग एका पाणपोईपाशी. दोन्हीकडे माझी ओळख 'आपल्या भागातल्या शास्त्रज्ञ ताई' अशी करून दिली गेली. मागच्या सीटवर दोन कार्यकर्त्यांच्या मध्ये मी बसले होते. उतरायचं तर आधी त्यांना उतरायला हवं होतं, आणि ते फक्त हारांसाठी उतरत.

कॉलेजात पोचले तेव्हा साहेब मंडळी जेवायला गेली होती. कारकुनानं माझं नाव यादीत पाहिलं आणि खोका पुढे केला.

"उमेदवार निवडला, मॅडम. पेढा घ्या."

मी घेतला. नाही कसं म्हणणार?

सिटी बसनं घरी आले. सासऱ्यांनी विचारलं, मी सांगितलं. ते खरोखर हळहळले. पाण्याचा तांब्या स्वतः आणून दिला आणि म्हणाले, "जाऊ दे गं. तिथे तुला ओळखत तरी कोण होतं? इथे बघ, सगळी वसाहत ओळखते."

त्यांना माझं सांत्वनच करायचं होतं. मी पाणी प्यायले, इस्त्रीची साडी बदलली आणि कणीक मळायला घेतली.