अक्कांची मूठ

मुलीच्या शाळेला दर महिन्याला काहीतरी नवीन सुचतं आणि त्याची हमाली आयांच्या नशिबी येते. झाडं वाचवा म्हटलं की कुंडी आम्ही आणायची, ग्रह-तारे म्हटलं की थर्माकोल आम्ही कापायचा. त्यामुळे या श्रावणात सातवीतली माझी लेक घरी येऊन म्हणाली, "मम्मी, आपल्या घराचा वारसा वर्गात सांगायचाय," तेव्हा मी आधी हेच विचारलं, की विकत काय काय आणायचं.

विकत काहीच आणायचं नव्हतं. प्रत्येकानं आपल्या घरातली एक रीत वर्गापुढे करून दाखवायची, आणि ती रीत जाणणारं घरातलं एक माणूस सोबत आणायचं. त्यांच्या वर्गात गुजराती आहेत, सिंधी आहेत, एक मुलगी सातपुड्यातल्या पावरा घरातली आहे, आणि लेवा पाटलांची तर निम्मी बाकं. एवढी घरं एका वर्गात शेजारी शेजारी बसतात आणि एकमेकांना ओळखत नाहीत, हे बरं नाही, असं मॅडमचं म्हणणं. मला ते पटलं. चांगल्या बाई आहेत त्या. पुढं जे झालं त्यात त्यांचा काही दोष नाही.

"मी कानबाईचा रोट दाखवणार," लेक म्हणाली. "आणि आत्याला बोलावणार."

आत्या म्हणजे माझी मोठी नणंद. आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो. आम्ही जळगावात मेहरूणला राहतो. चोपड्याजवळच्या गावी माझे सासरे, म्हणजे नाना, आणि अक्का असतात. अक्कांना यावलकडे दिलं होतं. नवऱ्यानं दुसरी बाई घरात आणली आणि अक्का एका पिशवीनिशी माहेरी परत आल्या. सोडचिठ्ठी त्यानं दिली नाही, यांनी मागितली नाही. मी लग्न होऊन आले तेव्हाच चूल त्यांच्या हातात होती. सासूबाई गेल्यावर तर नानांच्या गोळ्यांपासून केळीच्या बागेत मजुरीला येणाऱ्या बायांच्या चहापर्यंत सगळं त्यांच्याच अंगावर पडलं.

श्रावणात नागपंचमी झाली की येणाऱ्या रविवारी कानबाई बसते. नारळाला डोळे लावून, नथ घालून देवी मांडतात, गाणी होतात, आणि सोमवारी नदीवर तिची बोळवण. पण आमच्या घरात खरा मान रोटाचा. घरातल्या एकेका माणसाच्या नावानं सव्वा सव्वा मूठ गहू घ्यायचा, घरच्या जात्यावर दळायचा, त्याचाच नैवेद्य करायचा आणि संपेपर्यंत घरच्यांनी तोच खायचा. रोट कुळाबाहेर जात नाही. शेजाऱ्याला नाही, पाहुण्याला नाही. पोरीचं लग्न झालं की तिची मूठ माहेरी बंद होते आणि सासरी सुरू होते. माझी धुळ्याला बंद झाली. "आता तू आमच्यात नाहीस गं," असं आईनं फोनवर हसत सांगितलं होतं आणि मीही हसले होते. तिकडे बंद झाली त्याच श्रावणात इकडे नानांनी माझ्या नावानं मूठ घेतली. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं, घरात घेतल्यासारखं.

अक्कांची मूठ मात्र कुठेच नाही. इथे नाही, कारण लग्न झालंय. तिकडे नाही, कारण तिकडे त्या कुणीच नाहीत. गहू त्या निवडतात, दळतात त्या, रांधतात त्या, देवीची गाणी तर त्यांच्याशिवाय कुणाला येत नाहीत. आणि आम्ही रोट खायला बसलो की त्या बाजूला आपली ज्वारीची भाकरी घेऊन बसतात. इतकी वर्षं मी हे पाहत आले. घरातली रोजची भिंत जशी पाहतो तसं.

या वेळी कानबाईला आम्ही गावी गेलो तेव्हा लेक मोबाईल घेऊन नानांसमोर बसली होती, वर्गात दाखवायला सगळं टिपायचं म्हणून. नाना खूश होते. नातीनं आपण होऊन विचारलं, याचंच त्यांना कौतुक. चुलत सासरे, जावा, दीर सगळे ओट्यावर जमलेले. नाना एकेकाचं नाव घेत मूठ भरत होते आणि सुपात टाकत होते. लेकीचं नाव झालं, शेवटचं, आणि नानांनी हात झटकला.

"नाना, आत्याची राहिली," लेक म्हणाली.

नानांनी सूप जवळ ओढलं. "तिनी नही ऱ्हास, माय. लगीन व्हयेल पोरनी मूठ तिना सासरमा ऱ्हास."

"पण ते लोक घेतात का तिची?"

"ते माले काय माहीत."

"मग विचारू या ना त्यांना."

एका दिराला हसू आलं. त्या हसण्यावर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण सुनेनं ओट्यावर आवाज चढवायचा नसतो. आतून अक्काच म्हणाल्या, "दयाले उशीर व्हई ऱ्हायना, नाना. आटपा." आणि बाहेर येऊन सूप उचलून जात्याकडे घेऊन गेल्या. लेक माझ्याकडे पाहत होती. मी मोबाईल बंद कर म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

दुपारी नाना एकटे सापडले तेव्हा मी धीर केला. म्हटलं, नाना, अक्कांच्या नावानं एक मूठ टाकली तर कुणाचं काय बिघडतं? ते रागावतील असं वाटलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. नाना बराच वेळ खाटेच्या नवारीवरून बोट फिरवत राहिले.

"पोर मन्ही शे," ते म्हणाले. "माले वाईट नही वाटत का? पन मन्हा बापनी कधी लगीन व्हयेल पोरनी लिधी नही, मी कशी लेऊ? देवी देखस, माय."

डोळे भरलेल्या म्हाताऱ्याशी काय वाद घालायचा? नवऱ्याकडे विषय काढला तर तो म्हणाला, अक्काची तक्रार आहे का? नाही ना? मग तू कशाला? त्यांच्या घरात सगळ्या गोष्टी अशाच मिटतात, ज्याचं दुखतंय त्यानं तक्रार केली नाही म्हणून. मी चिडून पाठ फिरवली आणि भांडी घासायला बसले. माझ्या रागाचा शेवट बहुतेक वेळा भांड्यांवरच होतो.

कानबाईची बोळवण झाली आणि पुढच्या शनिवारी अक्का एस.टी.नं जळगावला आल्या. लेकीनं फोनवर इतकं विनवलं होतं की नाही म्हणणं त्यांच्या जिवावर आलं. जांभळी साडी नेसल्या होत्या, त्याच दिवशी घडी मोडलेली, नवीकोरी. आयुष्यात कुणी त्यांना असं मानानं कुठे बोलावलेलं मला तरी माहीत नाही. रिक्षात त्यांनी मला विचारलं की तिथं चप्पल काढायची असते का. मी म्हटलं, शाळा आहे अक्का, देऊळ नाही. तरी त्यांनी वर्गाच्या दारात काढलीच.

आई-बापांना मागच्या बाकांवर बसवलं होतं; माझा नवरा खिडकीशी उभा राहिला. आमच्या आधी एका मुलाच्या आजीनं हातावर पापड लाटून दाखवला. पावरा घरातल्या मुलीच्या वडिलांनी होळीला कमरेला बांधायचे घुंगरू आणले होते. त्यांनी ते वाजवले तेव्हा पोरं बाकांवर उभी राहिली. मग माझी लेक उठली. तिनं सूप ठेवलं, स्टीलच्या डब्यातले गहू ठेवले, आणि अक्कांना खुर्चीवर बसवलं. अक्कांनी कानबाईचं गाणं म्हटलं. आधी आवाज फुटेना, मग फुटला, आणि वर्ग गप्प झाला. मला वाटलं, ही बाई आज इथे कुणीतरी आहे. हे सगळं नीट पार पडू दे, एवढंच मी मनात म्हणत होते.

लेक रोट सांगू लागली. छान सांगत होती. "ही नानांची," म्हणून तिनं मूठ भरून सुपात टाकली. ही पप्पांची, ही मम्मीची, ही माझी. मग ती क्षणभर थांबली आणि तिनं परत डब्यात हात घातला. ती काय करणार हे मला कळलं. उठून जाऊन तिला थांबवावं की थांबवू नये, हे मात्र कळलं नाही, आणि मी बसूनच राहिले.

"आणि ही आत्याची," ती म्हणाली.

अक्कांनी खुर्चीतून वाकून तिचं मनगट धरलं. हात सुपावर होता, मूठ बंद होती. "चालाव नही, माय," त्या हळू म्हणाल्या. "देवीनं शे ते." लेकीनं मूठ उघडली नाही. अक्कांनी तिची बोटं एकेक करून सोडवली आणि गहू डब्यात परत जाऊ दिले. हे सगळं त्यांनी हसतमुखानं केलं, लहान पोराच्या हातून सुरी काढून घेतात तसं.

मॅडमना काही उमगलं नाही. त्यांनी मायेनं विचारलं, "का हो, तुमची का नको?"

"मी पाहुनी शे ना, मॅडम," अक्का म्हणाल्या.

त्या पाहुण्या नाहीत हे त्या वर्गात त्यांच्याखेरीज तिघांना माहीत होतं. माझ्या लेकीला, मला, आणि खिडकीशी उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याला. लेक तेराव्या वर्षात आहे, तिला बोलता आलं नाही. मला बोलायचं होतं, पण काय? परक्या माणसांपुढे नणंदेची लाज काढायची? आपलेच दात, आपलेच ओठ. नवरा खिडकीबाहेर बघत होता. टाळ्या पडल्या. पुढच्या मुलाची आई कढीचं पातेलं घेऊन पुढे आली.

आम्ही घरी पोचेपर्यंत मॅडमनी पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकला होता. अक्का माझ्या लेकीचा हात हातात घेऊन हसतायत. खाली लिहिलं होतं, संस्कारांची शिदोरी. त्याखाली हात जोडल्याची चित्रं, बदाम, फुलं, एकाखाली एक येतच होती. अक्कांनी फोटो पाहिला आणि साडी चांगली दिसते म्हणाल्या. लेकीनं खोलीचं दार लावून घेतलं. मी दारापाशी गेले तर आतून आवाज आला, "मी काही चुकीचं केलं का?" नाही बाळा, म्हणाले. मग ती म्हणाली, "मग आत्यानं का नाही घेतली?" मी तिला चहा हवा का विचारलं.

संध्याकाळच्या गाडीनं अक्का परत निघाल्या. नानांना एकटं ठेवता येत नाही. बसस्टँडवर चोपड्याची गाडी लागलेली होती, सुटायला अवकाश होता. नवरा पाण्याची बाटली आणायला गेला आणि आम्ही दोघी खांबाला टेकून उभ्या राहिलो. मी न राहवून म्हटलं, "अक्का, पोरीनं एवढ्या मनानं घेतली होती. शाळेतला तो गहू. देवी तिथं थोडीच होती? राहू द्यायची होती तुम्ही."

अक्कांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"पोरले समजाडी सांग, वहिनी. मन्हाकरता कोनासंगे भांडू नको म्हन." मग आवाज आणखी खाली आणून म्हणाल्या, "आज मूठ मांगी, ते उद्या घरमा वाटा मांगस आसं म्हनतीन. नाना शेतस तवलोंग ठीक शे. नंतर माले ऱ्हावाले जागा पायजे."

मला वाटत आलं होतं की त्या देवीला भितात. इतक्या वर्षांत मला हे सुचलं नव्हतं. मूठ न मागता, वाटा न मागता, कुणाच्या डोळ्यावर न येता अक्का त्या घरात आपली जागा राखत होत्या, आणि माझी लेक भर वर्गात ती जागाच हलवायला निघाली होती.

"कोण म्हणेल असं, अक्का?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, साधंच पाहिलं. मग गर्दीतून बाटली घेऊन येणाऱ्या आपल्या भावाकडे पाहिलं आणि पदर सारखा केला. आम्ही नाही म्हणणार, असं सांगायला मी तोंड उघडलं. पण त्या घरात माझी मूठ घेतात, माझं मत कुणी घेत नाही. नवरा जवळ आला होता. त्यानं बाटली दिली, आणि अक्का त्याला म्हणाल्या, "येत जाय रे भाऊ," आणि गाडीत चढल्या.