वॉकर आणि नांदगावकर

सिंगापूरच्या ऑफिसातली मंडळी रविवारी जवळच्या पुलाउ उबीन बेटावर सायकली चालवायला गेली, तेव्हा उज्ज्वल नांदगावकरने साताऱ्याहून आलेल्या वडिलांना, यादवरावांनाही सोबत नेलं. दमूनभागून सगळे जेट्टीजवळ शहाळी पीत बसले. पुण्याच्या सौमित्रने त्यांच्या इंग्रज साहेबाला थट्टेत विचारलं, "वॉकर म्हणजे चालणारा ना? मग एवढी धाप का लागली?"

वॉकर खदखदून हसला. "चालणारा नव्हे, तुडवणारा! लोकरीचं कापड घट्ट व्हावं म्हणून शिळ्या मुतात घालून पायांनी तुडवायचं, हा आमच्या पूर्वजांचा धंदा. त्यांच्या वाऱ्यालाही कुणी उभं राहत नसेल!" मग तो उज्ज्वलकडे वळला. "तुझ्या आडनावाचं काय?"

उज्ज्वलने शहाळं खाली ठेवलं. घराण्याचं आडनाव कांबळे. कॉलेजात पोराला कुणी टोचून बोलू नये म्हणून यादवरावांनीच त्याला गावाचं नाव लावू दिलं होतं. 'गावावरून पडलं' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण सौमित्र कान देऊन ऐकत होता.

"नांदगावची पाटीलकी आमच्याकडे होती," उज्ज्वल बोलून गेला.

यादवरावांनी सारी हयात शाळेत इंग्रजी शिकवलेलं. त्यांना शब्दन् शब्द कळला होता. ते उठले आणि धक्क्याच्या टोकाला जाऊन उभे राहिले. उज्ज्वल मागोमाग गेला.

"बाबा, मला तसं म्हणायचं नव्हतं..."

"तुझ्या आज्यानं मेलेली ढोरं ओढायचं सोडलं, तेव्हा त्याच पाटलानं आपल्या घरावर दगड घातले होते," यादवराव पाण्याकडे बघत म्हणाले. "आडनाव मीच बदलू दिलं. बाप बदलायला नव्हतं सांगितलं."

उज्ज्वलचे कान तापले. परतीच्या बोटीत वॉकर शेजारी बसला, तेव्हा त्याने मान खाली घालूनच सगळं सांगितलं. खरं आडनाव, ढोरं, पाटील, सगळं. रोज इंग्रजीत बोलणारा तो, पण वाक्यं तुटत होती. वॉकर या वेळी हसला नाही. "आमचा वास कधीच धुऊन गेला, म्हणून मला हसता येतं," एवढंच म्हणाला. सौमित्र घाईघाईने, "अरे, हल्ली असलं कोण मानतं?" म्हणाला आणि फोनमध्ये बघू लागला.

खरं बोललं की छाती हलकी होईल, असं उज्ज्वलला वाटलं होतं. तसं झालं नाही. समोरच्या बाकावर बसलेल्या बाबांकडे बघायचा धीर सिंगापूरचा चांगी धक्का येईपर्यंत झाला नाही. उतरताना बोट हलली, तशी यादवरावांनी हात पुढे केला. उज्ज्वलने तो धरला, पण नजर काही वर उचलली नाही.