बाबांचं पोट आणि दोन रेघा

आमची मुलगी कमरेला लावायच्या डबीची अँटेना बनवते. एकटं राहणारं म्हातारं माणूस पडलं, की या डबीतून घरच्यांना संदेश जातो. आधी ती कॉम्प्युटरवर खोट्या माणसाला खोटी डबी लावून पाहते, मग खऱ्या माणसाला खरी. पडद्यावर खोट्याची एक आणि खऱ्याची एक अशा दोन रेघा येतात, दोन्हींत एकेक खड्डा. खड्डे एकावर एक बसले, की ती जेवते. नाही बसले, की मलाही घास उतरत नाही.

या वेळी बसतच नव्हते. तिच्या साहेबीणबाईंनी बजावलं होतं, सोमवारपर्यंत जुळलं नाही तर तुझी डबी रद्द. पोरगी वाळून चिपाड झाली. शेवटी मोजायचं यंत्रच घरी आणलं आणि खरं माणूस म्हणून वडिलांना उभं केलं.

"यांना काही होणार नाही ना गं?"

"आई, तुझ्या मोबाइलपेक्षा कमी आहे हे."

"म्हणजे मोबाइलनं होतं?"

"आई!"

तिनं टेपनं बाबांचं पोट मोजलं. आकडे घातले. कॉम्प्युटरवर बाबा तयार झाले, अगदी आमच्या लग्नाच्या फोटोतले. मग खऱ्या बाबांच्या पट्ट्याला डबी लावली, तर खड्डा पार डावीकडे. तिनं वायर बदलली, डबी बदलली, पुन्हा टेप लावली. आकडा तोच, खड्डा तसाच.

"सॉफ्टवेअरच खोटं बोलतंय," ती रडकुंडीला आली. तेवढ्यात मी मनातल्या मनात तिची नोकरी, तिचं लग्न आणि आमचं म्हातारपण, सगळं बुडवून आले.

हे मात्र डबी लावून मजेत गप्पा मारत होते. तिनं एकदम वर पाहिलं.

"बाबा, टेप लावली की तुम्ही गप्प का होता?"

"छे! कुठं?"

तिनं टेप लावली. "आज वार कोणता?"

यांनी छाती फुगवून, सोमवारपासून मोजत, चार बोटं दाखवली. चेहरा लालबुंद. मला हसू फुटलं, मग यांनाही, आणि सोडलेलं पोट टेप ओढून घेत थेट पट्ट्यावर येऊन बसलं. डबी दिसेनाशी झाली.

"अहो, पोरीची नोकरी जाईल आणि तुम्ही पोट कसलं आत ओढता!"

"सवय आहे," हे पुटपुटले.

खरं पोट कॉम्प्युटरात गेलं, डबीवर ओघळलं, आणि खड्डे एकावर एक बसले. पोरगी दोन ताटं जेवली.

सोमवारी डबी मंजूर झाली. साहेबीणबाईंनी निरोप धाडला, पुढच्या सगळ्या डब्या याच पोटावर तपासू, तेवढं ते बदलू देऊ नका.

झालं! इतकी वर्षं चालायला जा, चालायला जा म्हणून मी यांच्या मागे लागलेय. आता सांगायला गेलं, की हे ताट पुढे करतात.

"वाढ. बारीक झालो तर पोरीची रेघ हलेल."

आणि माझा हात वाढतोसुद्धा.